पावणेदहाची लाँच

नागपुरात समुद्राचं एक ऑफिस होतं. हसू नका, खरंच होतं. राज्य नवं झालं तेव्हा नागपूरकरांची समजूत काढायला मुंबईहून काही ऑफिसं इकडे धाडली गेली, आणि त्या वाटणीत कोकणातल्या लहान बंदरांचं आणि लाँचींचं ऑफिस सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बराकीत येऊन पडलं. कुणी मागितलं नव्हतं. लग्नाच्या आहेरात दहावं घड्याळ यावं तसं ते आलं आणि राहिलं. बराकीत अकरा माणसं होती. त्यातल्या दहांनी समुद्र पाहिलाच नव्हता, आणि अकरावे, अधीक्षक गिरिधर पिंपळखुटे, यांनी तो एकदा चौपाटीवर भेळ खाता खाता पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर ते समुद्राचे जाणकार होते.

कौसल्या गोंडाणे या बराकीत टंकलेखिका होती. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली, मॅट्रिक झालेली, पंचविशीतली. बाप लहानू गोंडाणे मिलमध्ये मागावर होता. तिची नोकरी हंगामी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि बाराव्या महिन्यात नव्यानं घ्यायचं, असा तो सरकारी खेळ तीन वर्षं चालला होता. कायम करण्याचा कागद पिंपळखुट्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात होता. तिथून तो बाहेर येतो की नाही, यावर घरातल्या दोन लहान भावांचं शिक्षण लटकलं होतं.

तिला एक वाईट सवय होती. ती जे टंकायची ते वाचायची. "बाई, टंकलेखिकेनं वाचायचं नसतं, टंकायचं असतं," असं पिंपळखुटे दर आठवड्याला सांगत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. त्यांचे मसुदे वाचले की माणूस एक तर नोकरी सोडतो किंवा साहेबाची किंमत ओळखतो. नोकरी सोडणं कौसल्येला परवडणारं नव्हतं.

पिंपळखुटे नागपूरच्या जुन्या महाल भागातले. उन्हाळ्यातही कोट घालत. टेबलावर दोन दौती, एक निळ्या शाईची आणि एक लाल. खणात पंचांग. रोज सकाळी आल्या आल्या ते पंचांग काढून राहुकाळ बघत आणि तो टळेपर्यंत एकाही फायलीवर सही करत नसत. शुक्रवारी सकाळी आणि मंगळवारी दुपारी सहीसाठी गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. कोकणातल्या लोकांविषयी त्यांचं मत पक्कं होतं. "मासे खाऊन खाऊन यांची बुद्धी ओली झाली आहे," असं ते म्हणत, आणि त्याच लोकांच्या लाँचींवर, बंदरांवर, धक्क्यांवर निळ्या शाईनं हुकूम काढत. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण यांनी उंटही पाहिला नव्हता आणि शेळ्याही.

सदुसष्टच्या डिसेंबरात, विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलेलं असताना, शिरखळ नावाच्या खाडीबंदराचं एक शिष्टमंडळ बराकीत आलं. पाच-सहा माणसं. नागपूरच्या थंडीनं काकडलेली, दोन-दोन सदरे एकावर एक चढवलेली. त्यांची मागणी जुनीच होती. शिरखळहून वाघबंदराला जायचं तर घाटातून चाळीस मैलांचा वळसा पडायचा. पाण्यातून किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलं तर दीड तास. दवाखाना, कचेरी, हायस्कूल सगळं वाघबंदरला. दहा महिने फाईल फिरून मंत्र्यांच्या सहीनं लाँच मंजूर झाली होती. राहिलं होतं ते फक्त वेळापत्रक, आणि ते पिंपळखुटे करणार होते.

त्यांनी ते पाच मिनिटांत केलं. तालुक्याची एसटी सव्वानऊला शिरखळला येते, म्हणून लाँच रोज सकाळी पावणेदहाला सुटेल. उद्घाटन वसंत पंचमीला, पावणेदहाच्याच मुहूर्तावर. मुहूर्त त्यांनी खणातल्या पंचांगात स्वतः बघितला होता.

शिष्टमंडळातला एक म्हातारा, इस्माईल तांडेल, आत बोलायला गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. त्यानं तीस वर्षं गलबत चालवलं होतं आणि नवी लाँच त्याच्याच हाती यायची होती. तो कौसल्येच्या टेबलासमोरच्या बाकावर बसला आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलला, "साहेबाला पाण्याची वेळ समजत नाही."

कौसल्येनं मशीन थांबवलं. "पाण्याले कायची वेळ?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं तिला सांगितलं, अगदी शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. शिरखळच्या धक्क्याला पाणी भरतीला लागतं. ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो, मांडीएवढा. आणि भरती रोज एका वेळेला येत नाही, ती चंद्राबरोबर पाऊण तासानं पुढे सरकते. "हिशेब सोपा आहे, पोरी. तिथीची पाऊणपट कर. तीज असली तर सव्वादोनला भरती. चौथ असली तर तीनला. भरतीच्या आधी सहा तास आणि नंतर सहा तास ओहोटी."

"आणि पंचमीले?"

"पाचाची पाऊणपट तूच कर."

पाऊणकीचा पाढा कौसल्येला पाठ होता. पावणेचार. म्हणजे वसंत पंचमीला भरती दुपारी पावणेचारला, आणि त्याच्या आधी सहा तास मोजले की ठणठणीत ओहोटी. सकाळी पावणेदहा. साहेबांनी सगळ्या दिवसातून नेमकी तीच वेळ शोधून काढली होती. पंचांगात तिथी त्यांनी पाहिली होती, मुहूर्त पाहिला होता. त्याच तिथीत पाणीही लिहिलेलं असतं हे मात्र त्यांच्या सात पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर तिनं गप्प बसायला हवं होतं. तिचा कागद डाव्या खणात होता. पण तो म्हातारा थंडीत कुडकुडत इतक्या लांब आला होता, आणि दोन मिनिटांत बाहेर घालवला गेला होता. तिचं डोकं फिरलं. संध्याकाळी ती सीताबर्डीला गेली आणि एका दुकानातून पंचांग घेतलं. साल संपत आलेलं, म्हणून दुकानदारानं अर्ध्या किमतीत दिलं. ते तिनं पदराखाली धरून घरी आणलं, चोरीचा माल आणावा तसं.

कारण त्या घरात पंचांग येत नसे. छप्पन साली लहानूनं दीक्षा घेतली तेव्हा कौसल्या चौदा वर्षांची होती. मैदानावरून घरी येऊन बापानं कोनाडा रिकामा केला होता, देव गेले, ताईत गेले, आणि सगळ्यात आधी पंचांग गेलं होतं. त्याचा त्या पुस्तकावर जुना राग होता. गावात असताना तिथी विचारायला त्याचा बाप भटजीच्या अंगणाबाहेर उभा राहायचा आणि अर्ध्या-अर्ध्या दिवसानं हाकलला जायचा.

तिनं चार दिवस डब्याच्या सुट्टीत बसून तक्ता केला. रोजची तिथी, रोजची भरती, लाँच सुटण्याची रोजची वेळ. तो नीट टंकला, मसुद्याला जोडला आणि साहेबांपुढे ठेवला. वर एक ओळ लिहिली की वसंत पंचमीला पावणेदहाला धक्क्याशी पाणी नसेल.

पिंपळखुट्यांनी तो तक्ता वाचलाच नाही. वरची ओळ तेवढी वाचली. मग लाल दौत जवळ ओढून त्यांनी पानावर तिरपं लिहिलं: "सरकारी लाँच चंद्राच्या मर्जीवर चालत नाही. काढून टाका." खाली सही, तारीख. आणि मोठ्यानं म्हणाले, "गोंडाणे बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्या म्हाताऱ्यानं? उद्या तो सांगेल लाँचीला शिंगं लावा."

बराकीतले सगळे हसले. साहेब हसले की हसायचं, एवढं काम तिथे प्रत्येकजण मन लावून करायचा. कौसल्येनं पान काढलं आणि पंचांगात घालून घरी नेलं, पेटीच्या तळाशी लुगड्यांखाली ठेवलं.

जानेवारीत ते बापाच्या हाती लागलं. कौसल्या ऑफिसातून आली तेव्हा चुलीत राख होती आणि लहानू उंबऱ्यावर बसला होता.

"हे घरात काहून आणलं वं तू?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "त्या पुस्तकात आपल्यासाठी कधी एक चांगला दिवस निंगाला का? माह्या बापाचा उभा जनम गेला त्याच्यापायी. आन् तू लपवून आणतं?"

"बाबा, मी दिवस नाई पाहून राहिली. मी पाणी पाहून राहिली."

"कायचं पाणी?"

तिनं सांगितलं. चंद्र, भरती, तांडेल, चिखल. त्यात देव नाही, भटजी नाही, नुसता चंद्र कुठे आहे त्याचा हिशेब आहे. लहानूनं सगळं ऐकून घेतलं. त्याला ते पटलं होतं, हे तिला दिसलं. पण पटलं म्हणून राख परत कागद होत नाही.

"मंग आधी काहून नाई सांगतलं?" एवढंच तो म्हणाला आणि उंबऱ्यावरून उठून बाहेर गेला. पंचांगाबरोबर लाल शाईचं ते पानही जळलं होतं. तेव्हा कौसल्येला त्याचं फारसं वाटलं नाही. तिला वाईट वाटलं ते बापाचं.

वसंत पंचमी आली. पिंपळखुटे उद्घाटनाला जातीनं गेले. सीताबर्डीहून नवे बूट घेतले होते, काळे, करकर वाजणारे. शिरखळच्या धक्क्यावर बँड होता, पताका होत्या, मंत्री होते. लाँच पहाटेच्या भरतीला आणून लावली होती. पावणेदहाला मंत्र्यांनी फीत कापली, पिंपळखुट्यांसकट ते लाँचीत चढले, भोंगा वाजला, इंजिन सुरू झालं आणि लाँच जागची हलली नाही. ती चिखलात एका कुशीवर कलंडली होती. इस्माईल तांडेल सुकाणू धरून उभा होता.  मंत्र्यांना दोन कोळ्यांनी खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. पिंपळखुट्यांना कुणी खांद्यावर घेतलं नाही. ते स्वतःच्या पायांनी उतरले, मांडीपर्यंत रुतले, आणि वर आले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट नव्हता. मुहूर्त मात्र साधला होता.

ते नागपूरला परतले ते तोंड शिवून. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक मुंबईनं दाबलं. आठ दिवसांत पत्र आलं: वेळ कुणी ठरवली, कशाच्या आधारे ठरवली, सात दिवसांत खुलासा करावा. त्याच टपालात कौसल्येच्या नावानं तांडेलचं पोस्टकार्ड होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. हुकूम छापील असल्यामुळे लाँच रोज पावणेदहालाच सोडावी लागते, त्यानं कळवलं होतं. पाणी असलं तर जाते, नसलं तर माणसं चिखल तुडवत लाँचीपर्यंत येतात आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहतात. काल एका बाळंतिणीला खाटेवर घालून आणलं होतं, चौघांच्या डोक्यावर. ती तशीच परत गेली. पुढे काय झालं ते त्यानं लिहिलं नव्हतं.

कौसल्येनं ते कार्ड खणात ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी पिंपळखुट्यांनी खुलाशाचा मसुदा तिच्या टेबलावर ठेवला आणि पाठ वळवून उभे राहिले. दुसरी टंकलेखिका बराकीत नव्हती, म्हणून तो तिलाच टंकायचा होता. पहिल्या दोन ओळी नमस्काराच्या. तिसरी अशी: "सदर वेळ मूळ मसुद्यात दुपारी ३.४५ अशी असताना, टंकलेखिका कु. गोंडाणे यांच्या हयगयीमुळे सकाळी ९.४५ अशी टंकली गेली."

तिनं ती ओळ दोनदा वाचली. चोराच्या उलट्या बोंबा तिनं याआधीही ऐकल्या होत्या, पण चोरानं आपली बोंब आपल्यालाच टंकायला द्यावी हे नवीन होतं. आणि त्यातही मौज बघा, पावणेचार हा आकडा साहेबांना कुठून मिळाला? तिच्याच पानावरून. चिखलात उभं राहिल्यावर त्यांना तो आठवला असणार. पण भरती रोज सरकते, हे त्यांच्या डोक्यात अजूनही शिरलं नव्हतं. आता त्यांना लाँच रोज पावणेचारला सोडायची होती, म्हणजे आठ दिवसांत ती पुन्हा चिखलात.

तिला राग आला.  वाटलं, उठावं आणि सगळ्या बराकीसमोर लाल शाईचं पान यांच्या तोंडावर मारावं. पण पान नव्हतं. ते इंदोऱ्याच्या चुलीत गेलं होतं.

आणि पान असतं तरी काय झालं असतं? ती बराकीतले नियम जाणून होती, कारण तिनंच ते टंकले होते. साहेबांचा निर्णय चुकला असं ठरलं तर सगळी फाईल मुंबईला जाणार, मंत्र्यांपुढे जाणार, आणखी दहा महिने फिरणार. टंकलेखनाची चूक असेल तर मात्र शुद्धिपत्रक काढायचं. 'अमुक ऐवजी तमुक असे वाचावे' अशी एक ओळ, खाली अधीक्षकाची सही, आणि त्याच दिवशी टपालात. दहा महिने की एक दिवस, एवढाच प्रश्न होता. खणातलं पोस्टकार्ड तिला न उघडताही दिसत होतं.

ती उठली आणि साहेबांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, ते पान माझ्याकडे आहे."

"कोणतं पान?"

"तुमच्या लाल शाईचं. चंद्राच्या मर्जीचं."

पिंपळखुट्यांचा चेहरा त्यांच्या निळ्या दौतीसारखा झाला. "मी ते काढून टाकायला सांगितलं होतं."

"काढलं. टाकलं नाही."  त्यांनी 'आण बघू' म्हटलं असतं तर तिथेच खेळ खलास होता. पण भित्र्या माणसाला पुरावा बघायचाही धीर नसतो.

"काय हवं आहे तुम्हाला?" ते हळूच म्हणाले.

"तुम्ही टंकलेखनाची चूक लिहिली आहे ना, लिहा. मी कबूल म्हणून सही करते. पण शुद्धिपत्रकात पावणेचार नाही. 'सोबतच्या तक्त्याप्रमाणे असे वाचावे.' तक्ता मी देईन. पंचांग पाडव्याला बदलतं, म्हणून दरवर्षी पाडव्याला नवा तक्ता निघेल, तोही मीच करीन. आणि माझा डाव्या खणातला कागद आज मुंबईला जाईल."

तो कागद त्याच दिवशी गेला. त्या दिवशी राहुकाळही कुणी पाहिला नाही.

पण आता तक्ता पुन्हा करायचा होता आणि पंचांग नव्हतं. हे तिनं संध्याकाळी घरी सांगितलं, आणि न केलेली चूक आपल्या माथी घेतल्याचंही सांगितलं.  दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जायच्या आधी लहानू सीताबर्डीला जाऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं त्यानं तिच्यापुढे ठेवलं.

"तीन दुकानं पालथी घातली," तो म्हणाला. "मी म्हणलं, पाण्याचं पुस्तक द्या. त्याईले समजेचना. मंग नाव घ्या लागलं." आणि वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला, "त्यानं तुह्या नावानं खोटं लिवलं. अन् त्याचं पान मीच जाळलं."

"तुमाले माईत नव्हतं, बाबा."

"नव्हतं. पन जाळलं ना मी," तो म्हणाला आणि डबा उचलून पाळीला गेला.

फाल्गुनात पहिलं शुद्धिपत्रक शिरखळला पोचलं आणि लाँच धावू लागली. तांडेलचं कार्ड आलं: "लाँच पोचते." त्याच्या मागोमाग सुक्या बोंबलांचं एक पार्सलही आलं. त्याच्या वासानं बराक दोन दिवस हैराण झाली आणि पिंपळखुट्यांनी टपालाची खोली धुवून घेतली. कौसल्या कायम झाली. तिच्या सेवापुस्तकात नोंद पडली: "टंकलेखनातील हयगयीबद्दल समज देण्यात आली." ती नोंद तिनं स्वतःच टंकली, एकही चूक न करता.

पुढे एकीच्या तीन लाँची झाल्या, शिरखळच्या पलीकडची चार बंदरं जोडली गेली, आणि किनाऱ्यावर प्रवासी मार्ग म्हणतात तो उभा राहिला. त्याचा पाया म्हणजे एक शुद्धिपत्रक. दर पाडव्याला नवं निघे, मूळ हुकूम मात्र तोच, म्हणून फाईल वाचणाऱ्याला वाटावं की नागपूरची एक टंकलेखिका एकच चूक वर्षानुवर्षं करते आहे. लहानू गेला तो एकोणऐंशी साली. तोवर दरवर्षी पंचांग त्यानंच आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुढेपुढे दुकानदारच त्याला लांबून बघून म्हणायचा, "या, पाण्याचं पुस्तक आलं आहे."

आणि पिंपळखुटे? ते चढत गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान फणा तरी असतो. एका वाचनालयात त्यांनी समुद्राची नाडी या विषयावर व्याख्यान दिलं. कुणीतरी त्यांना सागरी मार्गाचे जनक म्हटलं आणि ते त्यांना इतकं आवडलं की पुढे ते स्वतःच म्हणू लागले. दर फाल्गुनात मात्र हे जनक संत्रा बर्फीचा डबा घेऊन कौसल्येच्या टेबलाशी यायचे आणि उभ्यानंच म्हणायचे, "बाई, तेवढं पाडव्याचं बघता ना?" ती त्यांना बसायला सांगत नसे. बर्फी शिपायांत वाटून टाके. सतरा वर्षांत तिनं तिचा एक तुकडा चाखला नाही.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत ते निवृत्त झाले. बराकीत निरोप समारंभ झाला. हार, शाल, स्मरणिका. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो होता, मागे समुद्राचं चित्र. भाषणात ते म्हणाले की पाणी कधी येणार हे त्यांना आतूनच कळायचं. कौसल्या शेवटच्या रांगेत होती. आता तिचे केस पांढरे होऊ लागले होते.

चहा झाल्यावर ते तिच्या टेबलाशी आले. गळ्यात हार तसाच. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "गोंडाणे बाई, आता मी चाललो. पेन्शनचे कागद अजून व्हायचे आहेत. ते पान... आता तरी द्याल का? तुमचं काम झालं, माझंही झालं."

कौसल्येनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. या माणसाचा तिला इतकी वर्षं राग होता, आणि आता शोधून पाहिला तर नुसती शिसारी उरली होती.

"ते पान नाई," ती म्हणाली. साहेबांशी ती पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलत होती. "अडुसष्टच्या जानेवारीत जळलं ते. तुमचा बूट चिखलात गेला, त्याच्याही आधी."

पिंपळखुटे खुर्ची शोधत खाली बसले. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी... तुमच्याकडे काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग मी दरवर्षी..."  त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही मला फसवलंत."

"तुमी लाँच चिखलात घातली होती. ते सहा तासानं निंगाली. तुमाले निंगाले सतरा वर्सं लागले, त्याले मी काय करू?"

ते उठले. दारापर्यंत गेले, हाराची पाकळी गळून पडली ती तुडवत.  तिच्या सेवापुस्तकातली ती नोंद ते जाता जाता एका सहीनं खोडू शकले असते. ते त्यांच्या मनातही आलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

नवे अधिकारी दुसऱ्या आठवड्यात रुजू झाले. तेही न वाचता सही करणारे होते. पाडवा तीन आठवड्यांवर आला होता. कौसल्येनं पंचांग आणलं, तक्ता केला, मशीनवर स्टेन्सिल चढवलं. बोटांनी सवयीनं 'शु' हे अक्षर उमटवलं आणि ती थांबली. चूक करणारी ती नव्हती, आणि आता तसं म्हणणाराही कुणी राहिला नव्हता. तिनं ते स्टेन्सिल काढून टाकलं, दुसरं चढवलं आणि वर मधोमध 'वेळापत्रक' असं टंकलं. मग पाडव्यापासून पाडव्यापर्यंतच्या रोजच्या वेळा भरल्या आणि अगदी खाली, जिथे टंकलेखकाच्या नावाची दोन आद्याक्षरं तेवढी टाकतात तिथे, पूर्ण नाव टाकलं: कौसल्या लहानू गोंडाणे.